ऋण वानरांचा प्रश्न

संख्या खरोखर असतात काय, हा जुना प्रश्न विसाव्या शतकात क्वाइन आणि पटनम यांनी विज्ञानाच्या दारात नेऊन उभा केला. भौतिकशास्त्र संख्यांवाचून मांडताच येत नसेल, तर त्यावर विश्वास ठेवणाऱ्याने संख्यांचे अस्तित्वही मानले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. आम्हांला मात्र येथे भास्कराचार्यांचे वानर आठवतात.

बाराव्या शतकातील त्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेले १२ वानर टेकडीवर आहेत. उत्तरे दोन, ४८ आणि १६, दोन्ही मान्य. दुसऱ्यात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून जे उरते त्याच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले, एक फांदीवर दिसला. येथेही उत्तरे दोन, ५० आणि ५. पण ५ घ्यावे तर पंचमांश होतो १; त्यातून ३ गेले की उणे २. त्याचा वर्ग ४, फांदीवरचा एक मिळून ५. हिशेब चोख जुळतो. तरीही भास्कराचार्य हे उत्तर स्वीकारत नाहीत. प्रत्यक्ष मोजायची राशी ऋण झाली तर लोकांना तिची प्रतीती येत नाही, हे त्यांचे कारण. (साहित्याच्या अभ्यासकाने या ‘प्रतीती’पाशी क्षणभर थांबावे.)

असे म्हणणारा माणूस ऋण संख्यांना बिचकणारा नव्हता. त्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच दिले होते आणि भास्कराचार्य ते सर्रास वापरतात. शब्दच मुळी कर्जाचा. मोहोळच्या आडतीवर उणे दोन पोती ज्वारी कोणी ओतून दाखवणार नाही. पण वहीत ती कोणाच्या तरी नावे पडतात, आणि वसूलही होतात.

१९२८ मध्ये डिरॅकच्या समीकरणातून ऋण ऊर्जेची उत्तरे निघाली. ती टाकून देता येईनात. १९३१ मध्ये त्याने त्यांच्याच आधारे धन विद्युतभाराच्या इलेक्ट्रॉनचे भाकीत केले, आणि १९३२ मध्ये अँडरसनला तो कण सापडला. क्वाइनच्या अनुयायांना यात संख्यांच्या अस्तित्वाचा पुरावा दिसू शकेल. आम्हांला तो दिसत नाही. छायाचित्रात उमटला तो कणाचा माग, उणे चिन्हाचा नव्हे. प्रतीती आली ती वस्तूची.

तरीही जिच्या वाटेने खरी वस्तू गाठता येते ती संख्या निव्वळ सोय कशी, हे कोडे उरतेच. हार्ट्री फील्डने १९८० मध्ये न्यूटनचे गुरुत्वाकर्षण संख्यांवाचून मांडण्याचा मोठा खटाटोप केला. क्वांटम सिद्धान्ताला ती रीत लावणे फार कठीण आहे, हा आक्षेप लवकरच पुढे आला, आणि डिरॅकचे समीकरण नेमके त्याच प्रांतातले आहे.