वरच्या सभागृहातली खुर्ची

कामरगावात बसून मी बी.ए.च्या जोरावर एक जादा मत देतो, अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघाचे. मतपत्रिकेवर पसंतीचे १, २, ३ आकडे लिहायचे, एवढेच.

विधान परिषदेच्या ७८ जागांत पदवीधरांच्या अवघ्या ७. शिक्षकांच्याही ७, आमदारांनी निवडायच्या ३०, स्थानिक संस्थांच्या २२ आणि राज्यपालनियुक्त १२. (या बारांत कवीलाही जागा मिळते, महानोर असेच तिथे गेले.) सदस्य टप्प्याटप्प्याने निवृत्त होतात, म्हणून विधानसभा एका लाटेत पालटली तरी परिषद जुनीच राहते. २०१४ साली भाजपचे सरकार आले, पण परिषदेत कुणाचेच बहुमत नव्हते. सर्वांत मोठा पक्ष राष्ट्रवादी, सभापती काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रवादीने जुन्या मित्रावरच अविश्वास आणला, भाजपने साथ दिली आणि रामराजे नाईक-निंबाळकर सभापती झाले.

मला आमच्या वऱ्हाडातले, दारापूरचे रा. सू. गवई आठवतात. रिपब्लिकन पक्ष तो केवढासा! तरी दहा वर्षे ते उपसभापती होते, १९७८ पासून सभापती.

जुलै २०२२ मध्ये रामराजेंची मुदत संपली. डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे येईपर्यंत गवईंची ती खुर्ची रिकामीच होती. उपसभापती नीलम गोऱ्हे कामकाज चालवत होत्या.