वैज्ञानिक शब्दांचे अक्षरविभाजन व आघात

लांब इंग्रजी वैज्ञानिक शब्द उच्चारासाठी अक्षरांत तोडणे व त्यातील आघाताचे स्थान ठरवणे. असे शब्द बहुधा ग्रीक-लॅटिन घटकांचे असतात. मात्र अर्थाची फोड आणि उच्चाराची फोड नेहमी एकाच जागी पडत नाही. ‘थर्मामीटर’मध्ये अर्थ थर्मो+मीटर असा तुटतो, तर इंग्रजी उच्चार थर्-मॉ-मि-टर असा. जोर ‘मॉ’वर, म्हणजे ज्याला स्वतःचा अर्थ नाही त्या जोडस्वरावर येतो. ‘बायॉलजी’, ‘फटॉग्रफी’ यांतही तसेच. ‘-इक’ प्रत्यय लागला की आघात बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर सरकतो (फोटोग्रॅफिक). मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नसल्याने आपण सगळी अक्षरे सारख्या जोराने म्हणतो. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला स्पेलिंगपेक्षा आघात आधी शिकवावा.

अर्थाच्या फोडीचा सर्वांत धाडसी प्रयोग नागपुरात झाला. लाहोरहून येथे आलेल्या आपल्या संस्थेत डॉ. रघुवीर (१९०२–१९६३) यांनी इंग्रजी संज्ञांचा एकेक अवयव सुटा करून त्याला संस्कृत जोड दिली. ऑक्सिजन ‘जारक’, ऑक्साइड ‘जारेय’, कार्बन ‘प्रांगार’. त्यावरून कार्बन डायऑक्साइड झाला ‘प्रांगार द्विजारेय’. त्यांचा इंग्रजी-हिंदी बृहत्कोश १९५५ मध्ये नागपुरातूनच निघाला. या संज्ञा वर्गात रुळल्या नाहीत. पण उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय वेगळे पाहण्याची रघुवीरांची शिस्त आजही अर्थ लावायला उपयोगी पडते. उच्चारासाठी मात्र ती पुरत नाही.