प्रपंचाचा परमार्थ : मराठी संतपरंपरेतील एक जुना वाद

मराठी समाजात ‘प्रपंच’ म्हटले की घर, मुलेबाळे, शेतीवाडी आणि देणेघेणे एवढेच अभिप्रेत असते. वेदान्तात मात्र नाना रूपांनी भासणारे सगळे विश्व म्हणजे प्रपंच, आणि महानुभाव तत्त्वज्ञानात तर जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार अनादि पदार्थांपैकी तो एक. विश्वाला व्यापणारी ही संज्ञा चुलीपर्यंत कशी आली याचा विचार करताना तेराव्या शतकापासून चालत आलेला एक वाद ध्यानात घ्यावा लागतो, तो म्हणजे ईश्वरप्राप्तीसाठी घर सोडावे लागते की नाही.

महानुभावांचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे उत्तर निःसंदिग्ध होते. अनुसरलेल्या शिष्याने स्वदेश व स्वजन यांचा संबंध तोडावा, भिक्षेवर जगावे आणि एका जागी गुंतून राहू नये, असा त्यांचा आचारधर्म होता. घरात राहणाऱ्या अनुयायांना, म्हणजे ‘वासनिकां’ना, पंथात स्थान होते, पण ते दुय्यम.

याच शतकात संन्यासाचा दुसरा चेहराही दिसतो. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत काशीला संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात परतले, तेव्हा शास्त्राच्या भाषेत ते ‘आरूढपतित’, म्हणजे वरच्या आश्रमावरून खाली घसरलेले, ठरले, आणि परंपरेनुसार त्या दोषापायी मुलांनाही बहिष्कार भोगावा लागला. संन्याशाची पोरे म्हणून हिणवल्या गेलेल्या ज्ञानदेवांनी 1290 मध्ये गीतेवर जी टीका रचली, तिच्यात स्वकर्म हीच ईश्वराची पूजा मानली आहे, हा निव्वळ योगायोग समजणे कठीण आहे.

वारकरी संप्रदायाने पुढे हेच सूत्र आचारात उतरवले. अरणचे सावता माळी मळा राखत, तेरचे गोरा कुंभार माती तुडवत, नामदेव शिंपी घराण्यातले. कुणालाही धंदा सोडावा लागला नाही. माळ घालणाऱ्यापुढे भगवी वस्त्रे घेण्याची अट नव्हती; तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, मांसमद्याचा त्याग आणि नेमाची वारी एवढे पाळले की माळकरी पुन्हा आपल्या औताला लागायला मोकळा असे. संतांनी समाजाला निवृत्तीच्या नादी लावले, असा इतिहासाचार्य राजवाडे यांचा आक्षेप होता. वारी आटोपून शेताकडे परतणाऱ्या या माणसांचा त्यात पुरेसा विचार झालेला दिसत नाही.

तरीही प्रपंच आणि परमार्थ यांची तडजोड सुखाची नव्हती. 1630 च्या दुष्काळात पत्नी व मुलगा गमावलेल्या तुकारामांनी सावकारीच्या कागदांची वाटणी करून भावाचा हिस्सा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. येणे बुडाले तरी घरातली खाणारी तोंडे तेवढीच राहिली, आणि त्यांची काळजी पत्नी जिजाईच्या माथी आली. चोखामेळ्याच्या बाबतीत तर स्वकर्म याचा अर्थ मेलेली ढोरे ओढणे आणि वेठबिगारी असा होता. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना गावकूस कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा मानते. प्राप्त कर्माला पूजेची प्रतिष्ठा देणाऱ्या विचाराने जातीने लादलेले कर्म कोणते, हा प्रश्न बहुधा बाजूलाच ठेवला.

स्त्रियांच्या बाबतीत ही तुलना अधिक अवघड होते. कठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महानुभाव संन्यासाने विधवा महदंबेला घराबाहेर एक जीवन दिले, आणि तिने रचलेल्या धवळ्यांमुळे ती आद्य मराठी कवयित्री मानली जाते. सतराव्या शतकातील बहिणाबाईंपुढे तसा मार्ग नव्हता. तुकारामांना गुरू मानल्याबद्दल वैदिक नवऱ्याचा मार त्यांनी सोसला, स्त्रीजन्माच्या पराधीनतेविषयी आत्मचरित्रपर अभंगांत स्पष्टपणे लिहिले, आणि त्याच अभंगांत पतिसेवेला धर्मही म्हटले.