अंतराळयान प्रतिकृतींचे रूपांतर

पटावरील युद्धखेळांसाठी मिळणाऱ्या अंतराळयानांच्या जुळणी-संचांतील भाग कापून, त्यांची अदलाबदल करून किंवा नवे भाग घडवून स्वतंत्र आराखड्याचे यान तयार करणे, या छंदास अंतराळयान प्रतिकृतींचे रूपांतर म्हणतात. अनेक संचांचे भाग एकत्र करण्याच्या पद्धतीस ‘किटबॅशिंग’ अशी संज्ञा आहे.

पार्श्वभूमी

ही पद्धत चित्रपटांच्या प्रतिकृतीकारांनीही वापरली. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) आणि ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटांतील यानांच्या पृष्ठभागावर बाजारात मिळणाऱ्या संचांतील सुटे भाग चिकटवून बारकावे निर्माण करण्यात आले. अशा बारकाव्यांमुळे लहान प्रतिकृतीही प्रचंड भासते.

बॅटलफ्लीट गॉथिक

युद्धखेळांतील रूपांतराचे ठळक उदाहरण म्हणजे ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ हा खेळ. ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९९९ मध्ये प्रकाशित केला. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या कल्पित विश्वातील आरमारी युद्धांवर तो आधारलेला आहे. त्यातील साम्राज्याच्या प्लास्टिक क्रूझर यानाच्या दोन्ही कुशींवर निरनिराळी शस्त्रे बसविता येतात. एकाच सांगाड्यावर तोफांच्या ओळी बसविल्यास ‘टायरंट’, लान्स ही किरणशस्त्रे बसविल्यास ‘गॉथिक’ आणि दोन्ही बसविल्यास ‘लुनार’ वर्गाचे यान होते. रूपांतराची शक्यता अशा प्रकारे मूळ संचातच असल्याने पुढील बदलांना वाव मिळाला.

साहित्य व कृती

प्रथम भाग न चिकटविता जुळवून पाहतात. नको असलेला भाग बारीक करवतीने कापून कड कानशीने सपाट करतात. पॉलिस्टायरिन प्लास्टिकसाठीचा गोंद दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतो. धातू किंवा रेझिन यांवर त्याचा उपयोग होत नाही, तेथे सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद वापरतात. जड धातूचा सांधा केवळ गोंदावर टिकत नाही. म्हणून दोन्ही भागांत हातगिरमिटाने छिद्र पाडून आत तारेचा तुकडा बसवितात. फटी इपॉक्सी लांबीने बुजवितात, तर नवे पत्रे प्लास्टिकच्या पातळ तावातून कापतात. शस्त्रे बदलती ठेवायची असल्यास लहान चुंबक बसवितात. अखेरीस अस्तराचा रंग दिल्यावर निरनिराळ्या संचांतील भाग एकाच यानाचे वाटू लागतात. रेझिनची धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने ते ओले करून घासावे व मुखपट्टी वापरावी.

नियमांशी संबंध

रूपांतरित यान देखणे असले तरी ते प्रतिस्पर्ध्यास ओळखता आले पाहिजे. लान्स लक्ष्याच्या चिलखताची जाडी विचारात न घेता मारा करते; तोफांचा परिणाम मात्र लक्ष्याचा प्रकार, दिशा व अंतर यांवर अवलंबून असतो. त्यामुळे यानावर तोफा दिसत असून खेळाडू लान्सचे नियम लावू लागल्यास प्रतिस्पर्ध्याची चाल चुकते आणि डाव अन्यायकारक होतो. प्रतिकृतीवर दिसते तेच शस्त्र यानापाशी आहे असे मानण्याचा संकेत यातूनच रूढ झाला. या खेळात अंतर यानाच्या टोकापासून नव्हे, तर त्यास तोलणाऱ्या दांडीपासून मोजतात. म्हणून सांगाडा लांबविल्याने माऱ्याचा पल्ला वाढत नाही. बैठक मात्र ठरलेल्या मापाचीच ठेवावी लागते, कारण टॉर्पेडो किंवा बॉम्बफेकी विमाने यानास भिडली की नाही हे तिच्यावरून ठरते.

उत्पादन थांबल्यानंतर

गेम्स वर्कशॉपने २०१३ मध्ये या खेळाच्या प्रतिकृतींची विक्री थांबविली. त्यानंतर मोडकी जुनी याने, इतर खेळांचे सुटे भाग आणि त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेले भाग यांतून खेळाडू आपली आरमारे उभारीत राहिले. पूर्वी हौसेचा भाग असलेले रूपांतर अशा रीतीने बंद पडलेला खेळ चालू ठेवण्याचे साधन ठरले.