क्रुशिनियानी : सरहद्द, लिपी आणि स्मृती

सीमावर्ती गाव म्हटले की सरहद्द आधी आणि गाव नंतर, असा क्रम आपण नकळत गृहीत धरतो. पोलंडच्या ईशान्येस, पोदलाशे प्रदेशात, बेलारूसला लागून असलेल्या क्रुशिनियानीचा इतिहास हा क्रम उलटवतो.

१६७९ मध्ये राजा यान सोबिएस्की याने येथील जमीन तातार सैनिकांना इनाम दिली, तेव्हा हा प्रदेश पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्यात बराच आत होता. इनामामागे औदार्यापेक्षा निकड अधिक होती. वेतन थकल्याने १६७२ मध्ये तातार पथके उस्मानी पक्षाला जाऊन मिळाली होती. रिकाम्या खजिन्याने दिलेला मोबदला म्हणजे ही जमीन. पुढे १७९५ मध्ये पोलंडचे राज्यच नकाशावरून पुसले गेले. १९१८ मध्ये ते परतले. आजची सरहद्द दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. गाव हलले नाही. सरहद्द त्याच्यापाशी आली.

मात्र साहित्याच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटावा असा पुरावा नकाशात नसून लिखितात आहे. या प्रदेशातील तातारांची मूळ तुर्की भाषा कालांतराने लोपली. ते बेलारूसी आणि पोलिश बोलू लागले. लिपी मात्र त्यांनी सोडली नाही. ‘किताब’ नावाच्या त्यांच्या हस्तलिखितांत प्रेषितांच्या कथा आणि धर्माचार स्लाव्ह भाषेत, पण अरबी लिपीत आढळतात. अरबीत नसलेल्या ध्वनींसाठी अक्षरांना नवी रूपे दिली गेली. भाषा, लिपी, धर्म आणि राष्ट्र यांचे एकास एक समीकरण मांडणारी वाङ्मयेतिहासाची पद्धत या संहितांपुढे अपुरी ठरते. गावातील लाकडी मशिदीचे मनोरे परिसरातील चर्चच्या धाटणीचे आहेत. ‘मिझार’ या दफनभूमीतील शिळांवर अरबी, पोलिश आणि रशियन लेख आहेत. हा संकर आहे, असे म्हणणे सोपे आहे. पण संकर या संज्ञेत आधीच्या शुद्धतेचे गृहीतक दडलेले असते. येथे तशी शुद्धता दाखवता येत नाही.

हा प्रश्न केवळ पुराभिलेखाचा नाही. २०२१ मध्ये बेलारूसमार्गे येणारे निर्वासित या सरहद्दीवरील जंगलांत मृत्युमुखी पडले. त्यांपैकी काहींचे दफन १६७९ च्याच इनामातील दुसऱ्या गावात, बोहोनिकीत, तातारांनी आपल्या दफनभूमीत केले. २०२२ मध्ये सरहद्दीवर पोलादी कुंपण उभे राहिले. परका कोण, हे कुंपण ठरवते. दफनभूमीने मात्र तो प्रश्न विचारला नाही. सीमावर्ती गावाचा इतिहास लिहिताना यांपैकी कोणता दस्तऐवज प्रमाण मानायचा, हे इतिहासकाराला ठरवावेच लागते.