खोत म्हणजे नेमका कोण? कोकणातल्या जमिनीच्या कागदांत अजून सापडणारी खोती

रत्नागिरी शहराला लागून असलेलं मिरजोळे गाव आज ओळखलं जातं ते तिथल्या एमआयडीसीमुळे. अशा गावांमध्ये जमिनीचा व्यवहार निघाला की जुने फेरफार काढले जातात, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा जुन्या कागदांत काही शब्द पुन्हा पुन्हा भेटतात : खोती खासगी, खोती निसबत, धारेकरी, कूळ. नव्या पिढीला त्यांतला 'खोत' फक्त आडनाव म्हणून माहीत असतो. पण कोकणातल्या शेकडो गावांचा कारभार काही शतकं याच एका शब्दाभोवती फिरत होता.

खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत वतनदार. ही पद्धत आदिलशाहीच्या काळात रुजली असं मानलं जातं. डोंगराळ मुलूख, पडीक जमीन आणि दूरची राजधानी, अशा स्थितीत सरकारला एकच सोय हवी होती : गावाचा ठरलेला आकडा कुणीतरी भरावा. तो आकडा भरला की कुळांकडून किती घ्यायचं, हे बरंचसं खोताच्या हातात राही.

इंग्लंडमध्ये याच्या जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे 'मॅनर'. तिथेही एक जमीनदार, त्याची खासगी शेती, बाकीची जमीन कसणारी कुळं आणि त्यांनी द्यायची फुकट मजुरी असा संसार होता. फरक हा, की मॅनरचा लॉर्ड स्वतःचं न्यायालय भरवी. खोत मात्र मुळात सरकारचा वसुलीदार होता, आणि आपण गावाचे मालक आहोत हा त्याचा दावा कायम वादात राहिला.

सगळी गावं सारखी नव्हती. काही पूर्ण खोती, काही धारेकऱ्यांची, तर काही मिश्र. या मिश्र गावांना सरकारी कागदांत चक्क 'खिचडी' म्हटलं जाई. धारेकरी सरकारी साऱ्याइतकंच देई, म्हणजे तो जवळपास मालकच. त्याच्या खाली दीडीवाले आणि दुपटकरी, साऱ्याच्या दीडपट आणि दुप्पट देणारे. आणि सगळ्यात तळाला अर्धेलीची कुळं : भाताच्या पिकातला अर्धा हिस्सा खोताचा, तर नाचणी-वरीच्या वरकस जमिनीवर साधारण तिसरा. पीक शेतात उभं असतानाच खोत किंवा त्याचा माणूस येऊन उत्पन्नाचा अंदाज बांधी. याला 'अभावणी' म्हणत. अंदाज चढा लागला तर भरायचं कुळानं. वर वेठ होतीच : खोताच्या शेतात ठरावीक दिवस नांगर आणि माणूस बिनमजुरीनं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कोकण कंपनी सरकारकडे गेलं. नव्या सरकारला प्रश्न पडला की जमिनीचा मालक कोण, खोत की कसणारा? मोजणी सुरू झाली, खोतांनी तक्रारी केल्या, आणि अखेर १८८० चा खोती कायदा आला. त्यानं खोतांचा हक्क मान्य केला, पण कुळांची प्रतवारी करून देणं कागदावर आणलं. गावोगाव 'बोटखत' तयार झालं, म्हणजे कोणती जमीन कोण कोणत्या हक्कानं कसतो आणि खोताला काय देतो याची नोंदवही. ही वही साधी नव्हती. तिच्यात ज्याचं नाव कायम कूळ म्हणून लागलं त्याच्या नातवंडांनाही त्याचा आधार मिळाला. मोजणीच्या वेळी ज्याला वाचता येत नव्हतं, किंवा जो अधिकाऱ्यासमोर उभाच राहिला नाही, त्याला ही संधी पुन्हा सहज मिळाली नाही.

खोत सगळे एकाच जातीचे नव्हते. ब्राह्मण, मराठा, मुसलमान अशी घराणी होती. लोकमान्य टिळकांचं घराणं दापोली तालुक्यातल्या चिखलगावचं खोत होतं, आणि खोतांच्या हक्कांच्या वादात टिळकांनी 'केसरी'तून खोतांची बाजू मांडली होती. याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला मूळ असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नेमके समोरच्या बाजूला उभे राहिले.

ठिणगी मात्र पडली ती कुलाब्यात. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. पेरणी नाही म्हणजे खोताला हिस्सा नाही, पण घरातही भात नाही. जंगलातली लाकडं विकून आणि पडेल ते काम करून लोकांनी हा संप सुमारे सहा वर्षं रेटला. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर धडकला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही.

खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ चा, अंमल १९५० पासून. धारेकरी आणि कायम कुळं थेट सरकारची खातेदार झाली. खोताकडे राहिली ती त्याची खासगी जमीन. पुढे कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि साध्या कुळांनाही मालकीची वाट मिळाली, अर्थात पुन्हा नाव नोंदलेलं असेल तरच. मुंबईला गिरणीत गेलेल्या चाकरमान्याची जमीन भावकीतल्या दुसऱ्याच्या नावावर लागण्याचे प्रकार याच उलथापालथीत झाले, आणि त्यांचे दावे पुढच्या पिढ्यांपर्यंत चालले.

इंग्लंडमध्ये मॅनरची जुनी कूळवहिवाट १९२६ मध्ये संपली, तरी 'लॉर्ड ऑफ द मॅनर' ही नुसती पदवी आजही विकत मिळते. कोकणात तसा बाजार नाही. इथे खोतपण दिसतं ते आडनावात, जांभ्याच्या चिऱ्यांच्या पडक्या वाड्यात आणि शिमग्याला पालखीपुढे पहिला नारळ कुणाचा यावरून होणाऱ्या मानपानाच्या भांडणात.

आपल्या गावात खोती होती का, हे पाहायचं असेल तर सुरुवात जुन्या सात-बारापासून आणि त्यावर लिहिलेल्या फेरफार क्रमांकांपासून करावी. एकेक क्रमांक मागे नेत गेलं की १९५० च्या आसपासची खोती निर्मूलनाची नोंद लागते. त्यामागचे कागद तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात शोधावे लागतात आणि त्यांतले बरेच मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत घेऊन गेलेलं बरं.