‘बायसिकल थीव्हज’: बेरोजगारीवर सिनेमा आला, गाजला, आणि त्याचा हिरोच बेरोजगार झाला

१९४८ सालची गोष्ट. रोममधल्या ब्रेडा कारखान्यात काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी नावाचा एक कामगार काही महिन्यांची सुट्टी घेऊन सिनेमात काम करायला गेला. त्याने याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभं राहून पाहिलेलं नव्हतं. तरी रोल मिळाला तो थेट हिरोचा. मानधन ठरलं सहा लाख लिरा.

सिनेमा जगभर गाजला. आजही सिनेमा शिकवणाऱ्या संस्थांमध्ये तो दाखवला जातो.

आणि माज्जोरानी? तो परत कारखान्यात गेला आणि थोड्याच काळात त्याची नोकरी गेली.

हा सिनेमा म्हणजे व्हित्तोरिओ डी सिका यांचा ‘लाद्री दी बिचिक्लेत्ते’, म्हणजेच ‘बायसिकल थीव्हज’. विषय काय, तर नोकरी टिकवण्यासाठी धडपडणारा एक बाप.

सिनेमाची गोष्ट काय आहे?

गोष्ट एका ओळीत सांगता येते. एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते आणि तो ती शोधत फिरतो. बस्स.

पण ती सायकल साधी नाही. आंतोनियो रिच्ची हा रोमच्या एका टोकाला, वाल मेलाइना नावाच्या वस्तीत राहणारा बेकार माणूस. खूप दिवसांनी त्याला काम मिळतं. भिंतींवर पोस्टर चिकटवायचं. अट एकच, स्वतःची सायकल हवी. आणि आंतोनियोची सायकल गहाण पडलेली आहे.

तेव्हा त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण ठेवायला नेते. त्या पैशांतून सायकल सुटते. गहाणवटीच्या दुकानातला माणूस त्यांच्या चादरींचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढतो. वर, आणखी वर. मांडणीवर तशीच गाठोडी छतापर्यंत रचलेली असतात. एकही संवाद न बोलता कळतं की अख्ख्या शहराने आपली अंथरुणं गहाण ठेवली आहेत.

कामाच्या पहिल्याच दिवशी आंतोनियो हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थ हिचं पोस्टर चिकटवत असताना एक पोरगा त्याची सायकल पळवतो. पोलीस तक्रार लिहून घेतात आणि सांगतात, तूच शोध.

मग रविवारी आंतोनियो आणि त्याचा लहान मुलगा ब्रुनो रोमभर फिरतात. पियाझ्झा व्हित्तोरिओचा बाजार, पोर्ता पोर्तेझेचा जुना बाजार, चर्च, ज्योतिष सांगणाऱ्या बाईचं घर. चोर सापडतोही. पण पुरावा नसतो आणि सगळी गल्ली चोराच्या बाजूने उभी राहते. त्याचं घर पाहिलं तर ते आंतोनियोच्या घराइतकंच गरीब.

शेवटी एका स्टेडियमबाहेर शेकडो सायकली उभ्या असतात आणि आंतोनियोची नजर जवळच्या दारात एकट्या उभ्या असलेल्या एका सायकलवर जाते. तो ब्रुनोला ट्रामने पुढे जायला सांगतो आणि ती सायकल पळवतो. लोक त्याला पकडतात, मारतात. ब्रुनोची ट्राम चुकलेली असते, त्यामुळे तो हे सगळं पाहतो. रडणाऱ्या पोराकडे बघून सायकलचा मालक आंतोनियोला सोडून देतो. बापलेक गर्दीतून चालू लागतात. बापाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पोरगा त्याचा हात धरतो.

एका सायकलचं इतकं काय?

आज हा प्रश्न पडू शकतो. पण युद्धानंतरच्या इटलीत बेकारी प्रचंड होती. सिनेमाच्या सुरुवातीला कामाची यादी वाचणाऱ्या अधिकाऱ्याभोवती जी गर्दी दिसते, ती त्या काळातल्या इटालियन प्रेक्षकाच्या रोजच्या ओळखीची होती. गरीब वस्त्या शहराच्या टोकाला आणि काम शहरात. सायकल गेली की काम गेलं आणि काम गेलं की चूल विझली.

थोडक्यात, ही चोरीची गोष्ट नाही. एका माणसाचं अख्खं आयुष्य किती बारीक धाग्यावर लटकलेलं असतं, याची ही गोष्ट आहे.

सिनेमा केला कोणी?

दिग्दर्शक डी सिका यांचा जन्म १९०१ चा. गंमत म्हणजे ते मुळात इटलीचे लाडके चॉकलेट हिरो होते. १९३० च्या दशकात हलक्याफुलक्या सिनेमांत गाणारे, हसरे, देखणे नट म्हणून त्यांची ओळख होती. नंतर ते दिग्दर्शनाकडे वळले.

त्यांना साथ मिळाली लेखक चेझारे झाव्हात्तिनी यांची. झाव्हात्तिनी यांचं म्हणणं होतं की सिनेमासाठी वेगळी कथा रचायची गरज नाही. रोजचं आयुष्य नीट पाहिलं की त्यातच नाट्य असतं. या विचाराच्या सिनेमांना पुढे ‘निओरिअ‍ॅलिझम’, म्हणजेच नववास्तववाद, असं नाव पडलं. या जोडीने १९४६ मध्ये बूटपॉलिश करणाऱ्या मुलांवर ‘शूशाइन’ केला होता.

‘बायसिकल थीव्हज’ लुईजी बार्तोलिनी यांच्या १९४६ च्या कादंबरीवर आधारित आहे. पण कादंबरीतला नायक बेकार मजूर नाही, तो कलावंत आहे. सायकल गेल्याने त्याच्या घरची चूल विझणार नसते. झाव्हात्तिनी आणि त्यांच्यासोबतच्या लेखकांनी नायकच बदलला आणि गोष्टीचा जीव बदलला. या लेखकांमध्ये सुसो चेक्की डामिको ही लेखिकाही होती. पुढे तिने इटलीच्या अनेक मोठ्या दिग्दर्शकांसाठी लिहिलं. कादंबरीकार बार्तोलिनी मात्र या बदलांवर नाराज झाले.

हॉलिवूडचा पैसा आला होता, पण…

पैसा उभा करणं सोपं नव्हतं. ‘गॉन विथ द विंड’चे निर्माते डेव्हिड सेल्झनिक पैसे द्यायला तयार झाले होते. पण त्यांना हिरो म्हणून हॉलिवूड स्टार केरी ग्रांट हवा होता.

सुटाबुटातला केरी ग्रांट रोमच्या भिंतींवर पोस्टर चिकटवतोय, ही कल्पना डी सिका यांना पटेना. त्यांनी हेन्री फोंडाचं नाव सुचवलं. तेही जमलं नाही. शेवटी डी सिका यांनी इटलीतूनच पैसे उभे केले आणि ठरवलं की यात एकही स्टार नको.

रस्त्यावरून आलेले कलाकार

हिरो माज्जोरानी डी सिकांच्या नजरेस पडला तो त्याच्या मुलामुळे. ब्रुनोच्या भूमिकेसाठी मुलं पाहणं चालू होतं. मुलगा निवडला गेला नाही, बाप निवडला गेला. त्याची चाल, कष्टाने राठ झालेले हात आणि ओढलेला चेहरा यात अभिनयाने आणावं लागेल असं काहीच नव्हतं. सिनेमा संपला की परत कारखान्यातच जायचं, नट व्हायची स्वप्नं बघायची नाहीत, असं डी सिका यांनी त्याला बजावलं होतं.

मारियाची भूमिका करणारी लिआनेल्ला कारेल ही पत्रकार होती. ती डी सिका यांची मुलाखत घ्यायला गेली आणि हिरोईन होऊन परतली.

आणि ब्रुनो झालेला एन्झो स्टायोला तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. डी सिका यांना तो रोमच्या रस्त्यावर दिसला. बापाच्या मागे तुरुतुरु धावणारी त्याची चाल हाच या सिनेमाचा ताल आहे.

एका दृश्यात बापलेक पावसात आडोशाला उभे राहतात आणि बाजूला परदेशी पाद्र्यांचा घोळका येतो. त्यातला एक तरुण म्हणजे सर्जिओ लिओने. हाच माणूस पुढे ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ बनवणार होता.

सगळं आपोआप घडलं का?

नाही. हा या सिनेमाबद्दलचा मोठा गैरसमज आहे. खरे रस्ते आणि खरी माणसं दिसतात म्हणून लोकांना वाटतं की कॅमेरा घेतला आणि शूट केलं. प्रत्यक्षात प्रत्येक शॉट ठरवून घेतलेला आहे. पोर्ता पोर्तेझेच्या बाजारातला मुसळधार पाऊस अग्निशमन दलाच्या पाण्याचा आहे. छायालेखक कार्लो मोंतुओरी आणि संगीतकार अलेस्सांद्रो चिकोन्यिनी हे दोघेही मुरलेले व्यावसायिक होते.

स्टायोलाच्या रडण्याचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. डी सिका यांनी म्हणे त्याच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकली आणि ‘थोटकं गोळा करतोस का?’ म्हणत सगळ्यांसमोर त्याला चिडवलं. पोरगा खरंच रडला. एत्तोरे स्कोला यांच्या १९७४ च्या ‘वी ऑल लव्ह्ड ईच अदर सो मच’ या सिनेमातही हा किस्सा येतो. खरा अश्रू हवा म्हणून खऱ्या पोराला रडवायचं का, हा प्रश्न त्या किश्शात आहेच.

चोर एक की अनेक?

मूळ इटालियन नावात ‘चोर’ हा शब्द अनेकवचनी आहे. अमेरिकेत मात्र सिनेमा ‘द बायसिकल थीफ’ या नावाने लागला. थीफ, म्हणजे एकच चोर.

एका अक्षराने अर्थ बदलतो. चोर एकच असेल तर तो टोपीवाला पोरगा, आणि गोष्ट संपली. चोर अनेक असतील तर आंतोनियोही त्यातला एक. जो आधी लुटला गेला, तोच नंतर लुटायला निघाला. मराठीत ‘चोर’ एकवचनातही तोच आणि अनेकवचनातही तोच, त्यामुळे ‘सायकलचोर’ म्हटलं तर दोन्ही अर्थ राहतात.

कौतुक आणि विरोध

तेव्हा परदेशी सिनेमांसाठी ऑस्करचा नियमित विभाग नव्हता. १९५० मध्ये या सिनेमाला विशेष ऑस्कर देण्यात आला. १९५२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमा विचारला, तेव्हा पहिला नंबर याचाच लागला.

विरोधही झाला. अमेरिकेतल्या सेन्सॉर यंत्रणेने दोन प्रसंग कापायला सांगितले. एकात ब्रुनो भिंतीकडे लघवीला उभा राहतो आणि दुसऱ्यात चोराचा पाठलाग वेश्यागृहात शिरतो. वितरक जोसेफ बर्स्टिन यांनी नकार दिला आणि सिनेमा त्यांच्या शिक्क्याशिवायच लावला.

इटलीतही सत्ताधाऱ्यांना देशाची गरिबी जगाला दाखवणं रुचत नव्हतं. डी सिका यांच्या १९५२ च्या ‘उम्बेर्तो डी’ या सिनेमावर तेव्हाचे उपमंत्री जुलिओ आंद्रेओत्ती यांनी जाहीर पत्र लिहून नाराजी व्यक्त केली होती. हेच आंद्रेओत्ती पुढे इटलीचे पंतप्रधान झाले.

मुंबईत काय घडलं?

जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. त्यात ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला गेला. तो पाहून भारावलेल्यांमध्ये बिमल रॉय होते. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. त्यात बलराज साहनींचा शंभू जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढतो. सायकलच्या जागी हातरिक्षा आली आणि बापासोबत इथेही पोरगा आहे.

त्याआधी १९५० मध्ये सत्यजित राय यांनी हा सिनेमा लंडनमध्ये पाहिला होता. नवखे कलाकार आणि खऱ्या जागा घेऊन सिनेमा होऊ शकतो, हा विश्वास त्यांना तिथे मिळाला. त्यातून १९५५ मध्ये ‘पथेर पांचाली’ उभा राहिला.

पुढे कोणाचं काय झालं?

डी सिका आणि झाव्हात्तिनी ही जोडी पुढेही एकत्र काम करत राहिली. डी सिका यांच्या ‘टू विमेन’साठी सोफिया लॉरेनला ऑस्कर मिळाला. डी सिका १९७४ मध्ये गेले. छोटा एन्झो मोठा होऊन गणिताचा शिक्षक झाला आणि नंतर जमीन नोंदणीच्या कचेरीत नोकरीला लागला. २०२५ मध्ये त्याचं निधन झालं.

माज्जोरानीने सिनेमाच्या पैशांतून घरात फर्निचर घेतलं आणि कुटुंबाला सहलीला नेलं. पण कारखान्यात कामगार कपात आली तेव्हा त्याचंही नाव यादीत होतं. सिनेमातून त्याने बक्कळ कमावलं असेल, असा सगळ्यांचा समज झाला होता, असं सांगतात. त्याने गवंडीकाम केलं. सिनेमात काम शोधलं, पण छोट्या भूमिकांपलीकडे काही मिळालं नाही. लोकांना तो आंतोनियो रिच्ची म्हणूनच हवा होता, आणि आंतोनियोची गोष्ट तर सांगून झाली होती.

झाव्हात्तिनी यांना ही गोष्ट सलत राहिली. त्यांनी ‘तू, माज्जोरानी’ या नावाने त्याच्यावरच एका सिनेमाचा आराखडा लिहिला. गरिबीवर सिनेमा करून गरिबाचं नेमकं काय बदलतं, हा त्यातला प्रश्न होता. तो सिनेमा कधी बनला नाही.

१९६२ मध्ये पाझोलिनी यांनी ‘मम्मा रोमा’मध्ये माज्जोरानीला एक छोटी भूमिका दिली. हॉस्पिटलमधल्या एका आजारी माणसाची. एक पोरगा त्याच्या उशाशी येतो आणि त्याचा रेडिओ चोरायला बघतो. चौदा वर्षांनंतरही पडद्यावर चोरी होत होती ती माज्जोरानीच्याच वस्तूची.

१९८३ मध्ये रोममध्येच त्याचं निधन झालं.